बंदराच्या अकराशे चाळीस नोंदी

मंगळवार, ५ मार्च
दुपारी १ वाजून २० मिनिटं

ताई,

दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं, साबणानं दोनदा हात धुतले आणि कोऱ्या चाव्यांच्या खोक्यावर कागद ठेवून हे लिहितो आहे. पितळेचा भुगा नखात राहतोच. पानाच्या कडेला डाग दिसला तर तो भुग्याचा आहे, तेलाचा नाही. मालक जेवायला घरी गेलेत, पावणेतीनला येतात. म्हणजे माझ्याकडे एक तास पंचवीस मिनिटं आहेत.

तू फोनवर माझा नंबर बंद करून ठेवला आहेस, निरोप पोचत नाहीत. म्हणून पत्र. पत्ता कोणी दिला ते लिहू नको असं आईनं बजावलं आहे, म्हणून ते लिहीत नाही.

आधी कामाचं. कॉम्प्युटरवरच्या आपल्या बंदराच्या खेळाला यंदा वीस वर्षं होतात. गटानं ठरवलंय की खेळात ज्यानं त्यानं घातलेली भर, सगळ्यांचे मॉड, एकत्र करून एकच मोठा मॉड काढायचा. खेळातल्या शहराचे पाच भाग, पाच जणांकडे. ३१ मार्च, रविवार, संध्याकाळी सहाला दार बंद. आणि बंदराचा भाग गट चालवणाऱ्या आपल्या मुकादमानं माझ्याकडे दिला. माझ्याकडे, ताई. ज्या गटात तू मला बोट धरून नेलंस आणि पहिलं वर्षभर मी फक्त दुसऱ्यांच्या चुका दाखवत बसलो, त्या गटात. मुकादमानं सगळ्यांदेखत, माझ्या गटातल्या नावानं लिहिलं, "बंदर पट्टीकडे. तो दोनदा मोजतो आणि तिसऱ्यांदा शंका काढतो." लोक हसले. मी तो निरोप जपून ठेवला आहे.

अडचण अशी. बंदर आपण दोघांनी केलं होतं. माणसं आणि त्यांचं बोलणं तुझं. भाव, वजनं, जहाजांच्या वेळा माझ्या. गटाचा नियम तूच लिहिला होतास: करणाऱ्याचा लेखी होकार नसेल तर त्याची एक ओळसुद्धा दुसऱ्याच्या मॉडमध्ये जाणार नाही. तुझा होकार आला नाही तर बंदर एकट्या माझं जाईल. जाळी विणणारी बाई, दीपगृहवाला, जकात नाक्यावरचा झोपाळू कारकून, सगळे मूळ खेळात बोलायचे तसं "नमस्कार, काय हवं?" एवढंच बोलतील. माल भरपूर, माणसं नाहीत.

तर एका ओळीत होकार लिहून पाठव, एवढीच विनंती. खाली सही आणि तारीख.

तुझी फाईल मिळाली आहे. दोन वर्षांपूर्वी लाईट गेली आणि त्यात फाईल गेली, ते झालंच. पण गटातल्या आजोबांकडे तुझी जुनी प्रत निघाली. ते जहाजावर आचारी होते, कधी काही टाकून देत नाहीत. प्रत आपल्या त्या दिवसाच्या तीन महिने आधीची आहे. माणसांच्या बोलण्याच्या तुझ्या ११४० नोंदींपैकी १११३ तिच्यात आहेत. मी मोजल्या. २७ नंतरच्या होत्या, त्या गेल्या.

आता दोन्ही फायली एकत्र करायला कोणतं साधन घ्यावं ते बघतो आहे. हातानं करणार नाही.

आई बरी आहे. म्हणते, "तुमच्या त्या खोट्या बंदरापायी खरी माणसं बोलेनाशी झाली."

तुझा भाऊ


रविवार, १० मार्च
सकाळी ९ वाजून ४० मिनिटं

ताई,

तुझं उत्तर अजून नाही. पत्राला जायला तीन दिवस, यायला तीन दिवस धरले तर उद्यापर्यंत काळजी करायचं कारण नाही. उद्यापासून करीन.

दरम्यान साधनांचं सांगतो. तूच मला हे सगळं शिकवलंस, पण मी काय काय करून पाहिलं ते तुला कळावं असं वाटतं.

पहिल्यांदा हिशोबाच्या तक्त्यात फाईल उघडली. सगळेच तसं करतात. रकाने छान दिसले, मला बरं वाटलं. जपून ठेवली, खेळ सुरू केला, दीपगृहाकडे गेलो, तर तिथे मिठाचं पोतं उभं! तक्त्यानं मला न विचारता आकड्यांपुढची शून्यं खाऊन टाकली होती. ००७१ म्हणजे दीपगृहवाला आणि ७१ म्हणजे मिठाचं पोतं. पोत्याच्या डोक्यावर दिवा, आणि जवळ गेलं की ते म्हणायचं, "वादळ येतंय, नांगर टाका." मी दुकानात एकटा हसलो. गिऱ्हाईकानं विचारलं, "माझ्या चावीला हसताय का?"

दुसरं साधन म्हणजे झटपट. गटात सगळे तेच वापरतात. दोन्ही फायली द्यायच्या, बटण दाबायचं, चार सेकंदांत एक फाईल बाहेर. मी तपासायला जाळीवालीकडे गेलो. तुझ्या फाईलमध्ये ती म्हणते, "मी जाळं विणते, मासे मोजायला दुसरं कोणी बघा." झटपटमधून बाहेर आल्यावर ती म्हणाली, "लहान जाळं १२, मोठं २०." ते माझं वाक्य आहे. तू गेल्यावर मी बऱ्याच माणसांना माझी वाक्यं दिली होती, ते तुला सांगायचं राहिलं; सगळे "नमस्कार" एवढंच म्हणतील असं पहिल्या पत्रात लिहिलं ते तेवढ्यापुरतं चूक. मग दीपगृहवाला, कारकून, हमाल, सगळ्यांकडे फिरलो. जिथे तुझं आणि माझं दोन्ही होतं तिथे झटपटनं माझंच ठेवलं होतं, कारण माझी फाईल नंतरची. एकदाही विचारलं नाही.

मुकादमाला सांगितलं. तो म्हणाला, "झालं ना काम? मग भर की."

मी म्हटलं, "तिचं सगळं पुसलं गेलंय."

"तिचा होकार तरी आलाय का?"

"येईल."

"पट्टी, अरे बाबा, होकार येईपर्यंत तुझंच धर. आला तर बघू."

मी म्हटलं, "तो आला की पुन्हा चार सेकंदांचंच काम आहे, पण उलट्या बाजूनं पुसण्याचं." त्यावर त्यानं फक्त अंगठा पाठवला.

मालक मला बरेच दिवस विचारत होते, "त्या डबड्यात तोंड घालून काय बघतोस?" काल सांगितलं. की खेळ कंपनीनं केलेला असतो, पण कोण कुठे उभा आहे, काय बोलतो, काय विकतो हे साध्या फायलींमध्ये लिहिलेलं असतं. त्या फायली बदलून लोक खेळात आपापली भर घालतात, तिला मॉड म्हणतात. मालक म्हणाले, "म्हणजे दुसऱ्याच्या कुलपाला आपली चावी." मी म्हटलं, तसंच काहीसं. मग माझी फाईल, ताईची फाईल, दोन्ही एकत्र करायच्या आहेत ते सांगितलं. त्यांनी हातातली कानस खाली ठेवली.

"तुझी चावी घासलेली, बहिणीची चावी घासलेली. मूळ चावी कुठाय?"

"मूळ कशाला?"

"इतकी वर्षं माझ्याकडे आहेस आणि विचारतोस कशाला? दोन घासलेल्या चाव्या शेजारी धरल्या तर वेगळ्या आहेत एवढं कळेल. कोणी कुठे घासली ते मूळ चावीशिवाय कसं कळणार?"

ताई, मी नववीत शाळा सोडली, पण एवढं मला सुचायला हवं होतं. घरी येऊन खेळाची मूळ तबकडी शोधली. आईच्या शिलाई मशीनच्या खणात होती, बॉबिनांच्या खाली. चालली.

आता तिसरं साधन, ज्याला मी तीन खिडक्या म्हणतो. डावीकडे तुझी फाईल, उजवीकडे माझी, मधे मूळ. फक्त तू बदललं असेल तिथे तुझं घेतं, फक्त मी बदललं असेल तिथे माझं. दोघांनी बदललं असेल तिथे थांबतं आणि विचारतं. आकड्यांपुढचं शून्य खात नाही, तेही पाहिलं. तुझ्या १११३ पैकी ५०२ सरळ आत आल्या. ६११ ठिकाणी ते थांबणार आहे.

गटात कोणी ते वापरत नाही, कारण विकत घ्यावं लागतं आणि वेळ खातं. मी घेतलं. अर्धे पैसे मालकांनी उसने दिले. कोणतं साधन घ्यावं हे मी कुणाला न विचारता ठरवलं, आणि आठ वेळा तपासून पाहिलं, ठीक ठरवलं आहे.

तुझा भाऊ


रविवार, १७ मार्च
सकाळी ८ वाजून ५ मिनिटं

ताई,

उत्तर नाही. मी तुझ्या जागी असतो तर मीही दिलं नसतं, कारण माझ्या पहिल्या पत्रात एक खोटं आहे.

लाईट गेली नव्हती.

त्या दिवशी तू लॅबमध्ये होतीस. मी आपल्या कॉम्प्युटरवर फाईल उघडली आणि मला दिसलं की एकेक क्रमांक दोन-दोनदा आला आहे. वर एकदा, खाली पुन्हा. मला दुबार नोंदी सहन होत नाहीत. मला वाटलं, तू घाईत दोनदा लिहिलंस. खालच्या ११४० काढून टाकल्या. खेळ नंतरची नोंद खरी मानतो, म्हणूनच तू मुद्दाम खाली लिहिली होतीस, वरचं मूळ न मोडता. हे तू मला समजावलं होतंस आणि मी मान डोलावली होती. मग 'बंदर-२' नावाची प्रत दिसली. तीही दुबार, म्हणून तीही काढली. मग फाईल क्रमांकाप्रमाणे लावली. फार सुंदर दिसत होती. तू आल्यावर मी तुला हाताला धरून दाखवायला नेलं. "बघ, किती स्वच्छ केली!"

तू खुर्चीत न बसता उभ्यानं बघत राहिलीस. तू म्हणालीस, "माझं कुठाय?" आणि मी जे बोललो ते मला शब्दन्‌शब्द आठवतं. "कामाचं असतं तर दोनदा कशाला लिहिलं असतंस?"

ओरडली असतीस तर बरं झालं असतं. तू चप्पल घालून पुन्हा बाहेर गेलीस.

त्याच संध्याकाळी गटात विचारलं गेलं की बंदराचं काय झालं, आणि मी लिहिलं, लाईट गेली, फाईल गेली. तुला ते मुकादमाकडून कळलं. पुसल्याचा राग तुझा कदाचित गेला असता. पण लाईटचं मी तुझ्या तोंडावर कधी म्हटलं नाही, तुझ्यामागे म्हटलं, आणि दोन वर्षं म्हणत राहिलो. पहिल्या पत्रात तुलाच पुन्हा लिहून पाठवलं. ते लिहिताना हातसुद्धा थांबला नाही, इतकं ते पाठ झालं आहे.

आज सकाळी साडेसातला मी गटात खरं लिहिलं. आधी कागदावर चार वेळा लिहून पाहिलं, मग पाठवलं. मुकादमाचं उत्तर लगेच आलं: "म्हणजे दोन वर्षं आम्ही उगाच वीजवाल्यांना शिव्या घालतोय?" मग कोणीतरी लिहिलं, पट्टीकडून बंदर काढून घ्या. आजोबांनी लिहिलं, "मी कितीदा सूप करपवलं आणि दोष चुलीवर ढकलला. काम होऊ द्या, मग बघा." मुकादम मला म्हणाला, ३१ पर्यंत तुझ्याकडे. होकार नाही तर तिचं एक अक्षरही घ्यायचं नाही, आणि करणाऱ्यांच्या यादीत तुझंही नाव सगळ्यांच्या खाली.

ठीक आहे.

होकार दे म्हणून हे लिहिलेलं नाही. होकार देता आला नाही तरी हे तुला कळायला हवं होतं.

तुझा भाऊ


गुरुवार, २१ मार्च
दुपारी १ वाजून ३० मिनिटं

ताई,

६११ झाल्या. काल दुपारी शेवटची संपली. दहा दिवस, सकाळी एक तास आणि दुपारच्या सुट्टीत एक तास.

सगळ्यांची यादी छापून या पाकिटात घातली आहे, ४६ पानं. प्रत्येक ओळीत क्रमांक, माणूस, मूळ वाक्य, तुझं वाक्य, माझं वाक्य, आणि काय ठेवलं त्याला खूण. पानं मोजून, क्रमांक घालून, टाचून दिली आहेत. टाचणी डाव्या कोपऱ्यात, दोन मारल्या, कारण एक सुटते.

आणि ऐक. ६११ च्या ६११ ठिकाणी मी तुझं ठेवलं. एकाही ठिकाणी माझं नाही. माझा हात एकदाही उजवीकडे गेला नाही. याचा मला अभिमान वाटतो, तो इथे लिहून ठेवतो.

राहिल्या त्या २७. गोदीच्या मागच्या गल्लीतली माणसं, तू शेवटच्या तीन महिन्यांत केलेली. मुकादम म्हणाला, "पट्टी, त्यांना तुझी वाक्यं दे आणि मोकळा हो." मी नाही म्हटलं. तो म्हणाला, "रिकाम्या नोंदीला खेळ बंद पडतो, तुला माहीत नाही का?" माहीत आहे. दोन दिवस खटपट करून मी वाट काढली. वाक्याच्या जागी नुसती मान हलवायची क्रिया घातली. आता त्या गल्लीत शिरलं की २७ माणसं बघतात, मान हलवतात आणि आपापल्या कामाला लागतात. खेळ बंद पडत नाही. मुकादमानं खेळात येऊन पाहिलं. बराच वेळ तो गल्लीत फिरत होता. मग लिहिलं, "ही युक्ती बाकीच्या चार भागांतही लागेल. कशी केलीस ते गटासाठी लिहून दे." गटासाठी पहिल्यांदाच कोणी मला लिहायला सांगितलं. शब्दकोश घेऊन बसलो आणि दीड पान लिहिलं.

तुला त्या २७ जणांचं बोलणं आठवत असेल तर यादीच्या शेवटी जागा सोडली आहे.

चारच्या आत पाकीट टपालात पडायला हवं. निघतो.

तुझा भाऊ


शनिवार, ३० मार्च
रात्री ९ वाजता

ताई,

पाकीट आज अकराला मिळालं. टपालवाल्यानं दुकानातच दिलं. मी ते गिऱ्हाइकासमोर उघडलं नाही. शटर ओढल्यावर उघडलं. मालकांना आज घरी जायचं नव्हतं, ते स्टुलावर बसून भाकरीतुकडा खात मला बघत होते.

४६ पानं परत, आणि प्रत्येक पानावर लाल शाई. वेगळं पत्र नाही. पहिल्या पानाच्या डोक्यावर तुझं अक्षर:

"होकार. सही, तारीख खाली. नावं दोन वेगळ्या ओळींत, माझं वर. आणि सगळीकडे माझं ठेवलंस ते काय शहाणपण? हे झटपटच झालं, उलट्या बाजूचं. ३८८ वाच."

मी ३८८ काढली. माझ्या खुणेप्रमाणे वल्हेवाला तुझ्या वाक्यानं जहाजाला सात नंबरच्या धक्क्यावर पाठवतो. सात नंबरचा धक्का मी दीड वर्षापूर्वी काढून टाकला. माझ्या वाक्यात सहा नंबर होता. पुढे तू लिहिलंस, "वाचलं असतंस तर हात थांबला असता. कितव्यापासून वाचणं सोडलंस?"

तीनशेविसाव्यापासून. मागच्या पत्रात ज्याचा अभिमान लिहिला तो इथे मागे घेतो.

मालक म्हणाले, "काय, बहीण रागावली?"

मी म्हटलं, "हो."

"मग हसतोस कशाला?"

कारण मी पुढे वाचत होतो. तू ६११ च्या ६११ वाचल्या आहेस. जाळीवालीपाशी लिहिलंस, "माझं. ही बाई भाव सांगत बसणार नाही." वजनकाट्याच्या कारकुनाचं तुझं वाक्य होतं, "या, बसा, वजन होईलच," आणि माझं होतं, "आधी पावती." तिथे तू स्वतःचं खोडून लिहिलंस, "तुझं. हा मेला असंच बोलेल." एका ठिकाणी दोघांचंही खोडून तिसरंच लिहिलंस आणि पुढे, "आपलं दोघांचंही भंगार होतं." अशी नऊ आहेत. मी पानापानावर मोजत गेलो. ४६० तुझी, ९ नवी आणि १४२ माझी. एकशे बेचाळीस, ताई. तू स्वतःचं खोडून ठेवलेली. मी दोनदा मोजली आणि मग मालकांना मोजायला दिली. त्यांनीही १४२ च सांगितली आणि म्हणाले, "चष्मा नव्हता तरी."

शेवटी २७ जणांसाठी सोडलेल्या जागेत तू एकच ओळ लिहिलीस: "आठवत नाहीत. गप्प राहू देत, बंदरावर सगळेच बडबडतात असं नाही." ही ओळ मी सगळ्यांत जास्त वेळा वाचली. ती तू कशी लिहिलीस, पटकन की थांबून, हे शाईवरून कळत नाही.

मग तीन खिडक्या उघडून तुझ्या लाल शाईप्रमाणे सगळ्या नोंदी पुन्हा भरायला घेतल्या. या वेळी प्रत्येक वाचून. मालकांनी दुपारनंतरची गिऱ्हाइकं स्वतः घेतली, मला म्हणाले, "तू आज तुझी चावी घास." आत्तापर्यंत २१४ झाल्या. उद्या सहापर्यंत सहज होतील. तुझ्या होकाराचं पान फोटो काढून गटात टाकलं आहे. मुकादमानं लिहिलं, "ताईंना सांग, नियम त्यांचाच, त्यांनीच पाळला." तुला तो अजून अहो-जाहो करतो. मला मात्र पट्टीच.

आईला पानं दाखवली. तिला त्यातलं काही कळत नाही, पण तिनं सगळी ४६ उलटली आणि म्हणाली, "अक्षर अजून तसंच आहे तिचं, उतरतं." मग पत्ता कोणी दिला ते लिहिलंस का म्हणून विचारलं. मी नाही म्हटलं.

शेवटच्या पानाच्या मागे, अगदी खाली, तू लिहिलं आहेस: "टपालाचे ७० झाले. पाठवू नको. हातात दे." त्याप्रमाणे खालचा हिशोब लावला आहे.

खर्च
तीन खिडक्या, माझ्याकडून: ९००
छपाई, ४६ पानं: ९२
मोठ्या पाकिटाचं टपाल: ६५
बाकीची पत्रं, हे धरून चार: ४०
एकूण: १०९७

देणं
मालक, तीन खिडक्यांचे उरलेले: ९००
ताई, टपाल: ७०, हातात